भिंतीवरचा नंबर

फोनवरून विहिरीची मोटार चालू करणारी पेटी शिरूर आणि दौंड तालुक्यांत सगळ्यात आधी मी आणली. आधी पोचला त्याचं मार्केट, असं व्याख्यानांत सांगतात. सांगणाऱ्यांनी एकदा माझ्याबरोबर फिरावं.

कंपनीतली नोकरी सोडून कारेगावच्या भाड्याच्या खोलीत मी ती पेटी जोडली. पहिली बसवली राहू गावात, माझ्या मामांच्या विहिरीवर. पेटीत सिम. घरून फोन लावला की मोटार चालू, परत लावला की बंद. मामा ओट्यावरून फोन लावायचे आणि लांब पाटात पाणी पडलेलं बघून लहान मुलासारखे हसायचे. ते हसू पाहून मला वाटलं, आपण जिंकलो.

मग सुरू झालं समजावणं. पेट्या कमी विकल्या, तोंडाची वाफच जास्त दवडली. फोननं मोटार जळेल का, शेजारी चावटपणा करील का, एक ना दोन. एका आबांनी तर पायात रबरी चप्पल घालून पहिला फोन लावला, न जाणो शॉक बसला तर! पेटी बिघडली की फोन मला लावायचा, पण लोक नंबर विसरतात म्हणून प्रत्येक विहिरीवरच्या खोलीच्या भिंतीवर मी लाल ऑइलपेंटनं माझा नंबर लिहिला.

पण माझी अक्कल एका जागी कमी पडली. पेटी मी एका मालकासाठी बनवली होती, आणि आमच्याकडे विहीर एकाची असते कुठे? मामांची विहीर दोघा भावांत, पाळीपाळीची. थोरले मामा फोन लावून मोटार चालू करायचे. धाकट्यांना वाटायचं ती बंदच आहे, म्हणून तेही फोन लावायचे, आणि मोटार बंद व्हायची. दोघांनाही वाटू लागलं, दुसरा मुद्दाम करतोय. धाकट्या मामांची शेवंती सुकली आणि भावाभावांतलं बोलणं तुटलं.

"तुझ्या डब्यानं घर फोडलं," थोरले मामा म्हणाले.

मी हट्टाला पेटलो. ज्याची पाळी त्याचाच फोन चालेल आणि मोटार कुणी चालू केली त्याचा दोघांना मेसेज जाईल, अशी नवी पेटी बनवली. मामांनी ती बसवू दिली नाही. एकदा पोळलेलं तोंड, ताकही फुंकून पितं. त्यातच सिमला रिचार्ज नसला की येणारे फोनही बंद व्हायला लागले. गावोगावच्या पेट्या मुक्या झाल्या आणि शिव्या मला पडल्या.

तेवढ्यात पुण्याची एक कंपनी उतरली. त्यांची पेटी निळी. पाळी आहे, मेसेज आहे, रिचार्ज आधीच भरलेला. त्यांचा माणूस माझी नवी पेटी रीतसर पावती करून विकत घेऊन गेला होता, म्हणजे चोरी म्हणायचीही सोय नाही. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. त्यांना कुणाला काही समजवावं लागलं नाही. लोकांची भीती मी आधीच काढून ठेवली होती.

निळ्या पेट्या सगळीकडे झाल्या, पण भिंतीवर नंबर माझाच. पेटी बिघडली की फोन मला.

"दादा, मोटार चालू हुईना."

"पेटी कुणाची?"

"तुमचीच की!"

जाऊन बघावं तर निळी. "आता आलाच हाय तर बघा की," म्हणायचे. चरफडत दुरुस्त करायचो. उभं पीक वाळताना बघवत नाही, हा माझा मूर्खपणा.

एक दिवस तोच फोन थोरल्या मामांचा आला. गेलो, तर त्यांच्या भिंतीवरही निळी पेटी. माझी पेटी खाली पडलेली, मामींनी तिच्यात खिळे ठेवलेले.

"राग धरू नगंस," मामा म्हणाले. "तुझ्या डब्यानं भांडान लावलं, ह्यानं मिटवलं. आता आमी दोघं बोलतोय बघ."

ज्या युक्तीनं भांडण मिटलं ती माझी होती. पण सांगून कोण ऐकणार होतं? निळी पेटी दुरुस्त केली, चहा घेतला आणि न्हावऱ्याच्या रस्त्याला गाडी बाजूला लावून ढसाढसा रडलो.

पुढे त्या कंपनीच्या साहेबांनी बोलावलं. "तुमच्या दोन तालुक्यांतून आमच्याकडे तक्रारच येत नव्हती," ते हसत म्हणाले. "आम्हाला वाटलं, आमची पेटीच भारी." खरं कारण कळल्यावर त्यांनी मला सर्व्हिसची नोकरी देऊ केली. घर चालायला हवं होतं. मी हो म्हणालो. निळा शर्ट मिळाला.

भिंतींवरचा नंबर पुसून घेऊ का, असं मी विचारलं.

"छे, तो राहू द्या," साहेब म्हणाले. "फक्त त्या नंबरचं सिम कंपनीच्या नावावर करून द्या."

करून दिलं.