दोन तांदूळ कमी

आमच्या बाजारपेठेच्या टोकाला एक काटेवाला आहे. वाण्याचा काटा अडला, भंगारवाल्याचा काटा झुकला की ती मंडळी काटा काखेत मारून त्याच्याकडे येतात. माणूस बुटका, पण स्टुलावर बसला की मान अशी ताठ, की न्यायाधीशानंही शिकून घ्यावी. त्याची मुलगी जन्मली तेव्हा एवढीशी होती, म्हणून त्यानं तिला सोनाराच्या इवल्याशा वजनावरून गुंज म्हटलं. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्याबाहेर कुणी वापरलेलं नाही.

दुकानात निळ्या मखमलीच्या डबीत पितळेचं पन्नास ग्रॅमचं वजन असतं. ते गुंजेच्या आजोबांचं. दुरुस्त झालेला प्रत्येक काटा शेवटी त्या वजनापुढे हजर होतो आणि ते मान डोलावेल तेव्हाच घरी जातो. दर शनिवारी काटेवाला ते लिंबू आणि राखेनं घासतो. साठ वर्षं हे चाललंय, आधी बापाच्या हातानं, मग लेकाच्या. एकच बंधन होतं. दुसऱ्या पारड्यात दुसरं वजन ठेवून त्याला कधी तोलायचं नाही. ज्यानं सगळ्यांना तोलायचं त्यालाच तोलणं, हा घरात अपमान समजला जाई.

गुंजेची अकरावीची परीक्षा संपली आणि कॉलेजच्या फलकावर कागद लागला. विद्यापीठाचं समर स्कूल, अकरावी-बारावीच्या मुलांसाठी, पंधरा दिवस, राहणं-खाणं तिथेच. गुंज धावत घरी आली ती एक चप्पल पायात आणि एक हातात घेऊन.

"पंधरा दिवसांत ते काय शिकवणार?" काटेवाला म्हणाला.

"तुम्हाला माहीत नाही ते."

स्वयंपाकघरात आईचा हात पिठात तसाच थांबला. काटेवाल्यानं हातातला स्क्रू खाली ठेवला आणि सावकाश हसला.

"ठरलं तर मग. काट्याच्या कामातलं, मला माहीत नसलेलं एक तरी शिकून ये. आणलंस तर बारावीनंतर खुशाल विद्यापीठात जा. नाही आणलंस तर हे स्टूल तुझं." मग त्यानं मखमलीची डबी तिच्या हातात दिली. "आणि परक्या काट्यावर विश्वास ठेवू नकोस. आधी हे ठेवून बघ. पंधरा दिवस मी बाकीच्या वजनांवर भागवीन."

विद्यापीठात गुंजेचं डोकं पहिल्या दिवशी जे गरगरलं ते थांबलंच नाही. तिला स्वतःच्या खोलीची किल्ली मिळाली. आयुष्यातली पहिली किल्ली, ती तिनं हाताला घाम येईपर्यंत दिवसभर मुठीत धरली. ग्रंथालय पाच मजली होतं. ती जिन्यानं वर गेली, खाली आली, आणि काही न वाचताच पुन्हा वर गेली. जेवायच्या लांब टेबलावर कुणी ताऱ्यांवर भांडत होतं, कुणी मुंग्यांवर, आणि भांडता भांडता एकमेकांच्या ताटातलं खात होतं. घरी जास्त प्रश्न विचारले की आई म्हणायची, "पुरे आता." इथे प्रश्न विचारला की चार डोकी पुढे सरकायची. खोलीतली सोबतीण बेकरीवाल्याची मुलगी होती. "मी पावाचं पीठ का फुगतं ते विचारायला आलेय," ती म्हणाली. "बाप म्हणतो, फुगतं म्हणून फुगतं."

चौथ्या दिवशी प्रयोगशाळा. काचेच्या पेटीत बसलेला काटा, श्वास लागला तरी आकडा हलणारा. गुंजेनं बापाच्या शिकवणीप्रमाणे आधी आपलं वजन ठेवलं. आकडा आला एकोणपन्नास पूर्णांक शहाण्णव शतांश.

ती चाळीस मुलांसमोर ताठ मानेनं म्हणाली, "मॅडम, तुमचा काटा बिघडलाय."

मॅडम जवळ आल्या. त्यांनी कपाटातून एक पेटी काढली आणि चिमट्यानं एक चकचकीत वजन उचलून काट्यावर ठेवलं. बरोबर पन्नास.

"ही वजनं आम्ही हातानंही धरत नाही," त्या म्हणाल्या. "तुझं फार सुंदर चमकतंय गं. घासता का?"

"दर शनिवारी. साठ वर्षं."

वर्ग हसला. बेकरीवालीही हसली, मग दाताखाली ओठ धरून गप्प झाली. गुंजेच्या कानांतून वाफा निघाल्या. पण मॅडमचे डोळे लकाकले होते. "चाळीस मिलिग्रॅम. म्हणजे साधारण दोन तांदूळ. बाजारात कुणाला कळणारही नाही. पण हे राखेनं गेलं की लिंबानं?"

"तुम्ही सांगा ना, मॅडम."

"मला नाही माहीत. तू सांग."

शिकवणारं माणूस इतक्या आनंदानं 'माहीत नाही' म्हणतं, हे गुंजेनं कधी ऐकलं नव्हतं. उरलेले दिवस गुंज आणि बेकरीवाली पितळेच्या पट्ट्या घासत राहिल्या. एक राखेनं, एक लिंबानं, घासायची, तोलायची, लिहायची. बोटं काळी, नाक काळं, आणि हसून हसून पोटात कळा. राख जास्त खाते, लिंबू कमी. शेवटच्या दिवशी गुंजेनं हे सगळ्यांसमोर सांगितलं, तेव्हा कुणी हसलं नाही. उलट ताऱ्यांवाल्यानं विचारलं, "आणि नुसत्या फडक्यानं पुसलं तर?"

परतीच्या गाडीत मात्र तिनं डबी चारदा उघडली आणि मिटली. पैज जिंकायची तर बापाच्या देवालाच खोटं म्हणायचं होतं.

काटेवाला वाटच बघत होता. तिनं किल्लीचं सांगितलं, ग्रंथालयाचं सांगितलं, बेकरीवालीचं सांगितलं.

"काट्याचं बोल," तो म्हणाला.

"बाबा, आपलं वजन दोन तांदूळ कमी आहे."

"विद्यापीठाचा काटा बिघडलाय."

"मीही हेच म्हणाले. सगळ्यांसमोर."

मॅडमनी आठ दिवसांच्या बोलीवर दिलेलं वजन तिनं पुढे ठेवलं, चिमट्यासकट.  काटेवाला उठला आणि त्यानं दुरुस्तीला आलेला सोनाराचा नाजूक काटा काढला. साठ वर्षांत पहिल्यांदा एका पारड्यात आजोबांचं वजन बसलं आणि दुसऱ्यात परकं. परकं पारडं खाली गेलं. केसभर, पण गेलं.

"अगं, दोन तांदूळ आण," तो आत बघून म्हणाला.

"शिजवायचे की तोलायचे?" म्हणत आई बाहेर आली.

त्यानं एक दाणा आजोबांच्या पारड्यात ठेवला, मग दुसरा. दांडी थरथरली आणि सरळ झाली.

"म्हणजे मी चमकवत होतो तेव्हा..."

"झिजवत होतात."

काटेवाल्याचं पोट आधी हललं, मग खांदे, मग काटा. तांदूळ उडून जमिनीवर पडले आणि तो स्टुलावरून घसरता घसरता राहिला. "बापानंही घासलं," तो डोळे पुसत म्हणाला, "आणि मला सांगून गेला, हयगय करू नकोस." आई तांदूळ शोधत होती आणि तिलाही हसू आवरत नव्हतं.

दुकानातलं ते स्टूल आता काटेवाल्याकडेच राहायचं ठरलं आहे. बारावीचा निकाल लागला की गुंज जाणार. त्याआधी तो रोज एकदा विचारतो, "ते समर स्कूलवाले पंचावन्न वर्षांच्या मुलांना घेतात का गं?"

शनिवारी मात्र पंचाईत होते. त्याचा हात आपोआप लिंबाकडे जातो.

"बाबा, हात," गुंज म्हणते.

तो दोन्ही हात खिशात घालतो आणि डबीकडे पाठ करून उभा राहतो.