दोघांचं एकच माप

दुपारी जेवणं होतात, सून भांडी घेऊन मागं जाती, आन् ओसरीवर लोखंड घासल्याचा आवाज येतो. आधी खर्रर्र, मग ठक. परत खर्रर्र. मी भुताखेताला मानणारा माणूस न्हाई. ऊसतोडीला गेलतो तवा मसणवट्याला लागून राहायला पाचटाची कोपी घातली होती, तिथं बी निवांत झोपलो. पण हा आवाज माझ्या वळखीचा हाय. माझ्या घरचीच्या वॉकरचा. तिला जाऊन तिसरं साल चालू हाय. वॉकर मी माझ्या हातानं भंगारवाल्याच्या गाड्यावर टाकला. तरी येतो. सुनेला इचारलं तर ती म्हणती, "मामा, मला तर काईच ऐकू येत न्हाई." म्हणजे तो माझ्यापुरताच हाय.

का येतो ते लिहून ठेवतो. मी तिसरी शिकलेला, चुकलंमाकलं आसंल.

आमच्या शिरूर कासारच्या अंगाला कोयता म्हणलं की नुसतं हत्यार न्हाई. नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. टोळी जमवणारा मुकादम माणसं मोजीत न्हाई, कोयते मोजतो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आमी दोघं बावीस हंगाम एक कोयता होतो. दसरा झाला की ट्रक भरून खालच्या अंगाच्या साखर कारखान्यांकडं निघायचो. मी ऊस तोडायचो, ती मोळी बांधायची आन् डोक्यावर घेऊन फळीवरनं ट्रकात चढायची. दोघांच्या कोयत्याची मूठ एकाच मापाची. चप्पल घेतली तर एकाच नंबरचे दोन जोड. तिला ढिली व्हायची, ती पुढं चिंधी कोंबायची. मला त्यात वावगं दिसलं न्हाई. फडात दोघं बी वाकलेले. रस्त्यानं चालताना ती माझ्या मागं. लग्नात समोरासमोर उभे राहिलो, तर मधी आंतरपाट. शेजारी शेजारी ताठ उभं राहायचं आमचं कधी कामच पडलं न्हाई.

ती पडली त्या साली पाऊस झालाच न्हवता. जनावरं छावणीला गेली, दूध आटलं, आन् गावची दूध सोसायटी बंद झाली. मी तिचा संचालक होतो, कुलूप माझ्यासमोर लागलं. पाणी टँकरचं. सबंध गावात ओल म्हणून दिसायची ती टँकरच्या पाइपाखाली, आन् त्याच ओलीवर तिचा पाय सरकला. खुब्याचं हाड मोडलं. बीडला नेऊन आत सळई घातली. सुट्टी देताना डॉक्टर म्हणले, "वॉकर घ्या. त्याला धरून रोज चालल्या तर पुढं नीट चालतील. पडून राहिल्या तर अवघड आहे."

तिनं ते ऐकलं. जीपमधनं परत निघालो. गाव जवळ आलं तवा म्हणली, "अवो, संडासला माझी मी जाईन. कुणी उचलून न्यायचं न्हाई. तेवढं माझं ऱ्हाऊ द्या."

संडास आमच्या आवाराच्या त्या टोकाला हाय. ओसरी उतरायची, मोकळं अंगण, मग गोठ्याच्या कडेनं. तेवढी वाट तिला तिची चालायची होती. दुसरं काई तिनं मागितलं न्हाई.

वॉकर बघायला मी बीडच्या दुकानात गेलो. दुकानदारानं पांढऱ्या पाइपाची चौकट पुढं केली. मी एका बोटानं उचलली.

"हे काय रं? पोरांचं खेळणं हाय का?"

"काका, हलकाच लागतो. उचलून पुढं ठेवायचा, मग पाऊल टाकायचं. खाली रबर हाय, सरकत न्हाई. ही बटणं दाबली की खालीवर होतो."

"वारं सुटलं तर म्हातारीसगट गेवराईला जाऊन पडंल."

दुकानातली माणसं हसली. मला बरं वाटलं. किंमत काई माझ्या आवाक्याच्या भाईर न्हवती. त्याच्या आधी एका पुढाऱ्याच्या शिबिरात फुकट वाटले होते, तिथं बी मी गेलो न्हवतो. बायकोला मांडवात उभी करून फोटू काढू देणारा मी न्हवं. आन् मनात एकच: जड ते पक्कं. जन्मभर जे जे टिकलेलं बघितलं ते जड होतं. जू जड, नांगर जड, मोळी जड. हलकं कधी कुणाच्या कामाला आलंय?

सोसायटीच्या ओट्याला लोखंडी पाइपाचा कठडा होता. सकाळी लोकं त्याला टेकून किटल्या घेऊन रांगंत उभे राहायचे. सामान मोडीत निघालं तवा तो पाइप मी गोठ्यासाठी घेतलता. त्याचाच वॉकर करायचा ठरवलं. आपल्या सोसायटीचं लोखंड, त्याला काय होतंय? पाइप घेऊन पाटोद्याला वेल्डिंगच्या दुकानात गेलो.

"काका, उंची किती?" वेल्डर म्हणला.

"माझ्या कमरंला लाव."

"तुमाला पाहिजे का?"

"मालकिणीला."

"मग काकूलाच आणा की एकडाव. माप घेऊन करू."

"ती काय म्हैस हाय का बाजारात उभी करून बघायला? आमचं दोघांचं एकच माप हाय. बावीस वर्सं एकच हाय. लाव."

त्यानं माझ्या कमरंला टेप लावला आन् पाइप कापला.

घरी आणला. गोणपाटाची चिंधी गुंडाळून मुठी केल्या. तिला उभी केली. तिनं दोन्ही मुठी धरल्या तर खांदे कानाला लागले, टांगल्यासारखी दिसायला लागली.

"लई दांडगा झालाय हो," ती म्हणली.

"सवय होईल."

"उचलंना मला."

"उचलू नको, ढकल."

तिनं ढकलला. खर्रर्र करून फरशीवर ओरखडा उठला. मग तिनं अंग पुढं टाकलं, तवा ठक. तशी ती अंगण वलांडून गेली आन् आली. येऊन घामानं निथळत बाजंवर बसली आन् मला हसून म्हणली, "मोळी बरी होती. ती डोक्यावर तरी घेता यायची."

रोज दोन-तीनदा तो आवाज व्हायचा. मी घराच्या मागल्या लिंबाखाली बसून ऐकायचो. दिवस गेले तसं ती म्हणायला लागली, "अवो, खालनं चार बोटं कापून आणा. हात भरून येतेत." मी म्हणायचो, "पाटोद्याला गेलो की नेतो." त्याच्या नंतर मी दोनदा पाटोद्याला गेलो. एकदा कडब्याचा भाव बघायला, एकदा लग्नाला. वॉकर नेला न्हाई. इसरलो न्हवतो, हे लिहितो. वेल्डर म्हणला आसता, काका, मी म्हणलो न्हवतो का? ते मला ऐकायचं न्हवतं. एका पोराच्या वयाच्या माणसाचा एक सबूद मला ऐकायचा न्हवता, म्हणून ती चार बोटं तशीच राहिली.

ती दुपार ऊन-ऊन होती. सून रोजगार हमीच्या कामावर गेलती, पोरगं टँकरवर. मी लिंबाखाली. आवाज निघाला. खर्रर्र, ठक. खर्रर्र, ठक. मग ओसरीच्या कडंला आला आन् थांबला. मला वाटलं, दमली आसंल. घडीभर टेकली आसंल. हाक बी मारली न्हाई तिनं. लई वेळ मी तसाच बसून राहिलो. मग कावळे ओरडायला लागले म्हणून उठलो.

ती पायरीच्या खाली पडलेली. वॉकर तिच्या अंगावर. मी उचलायला गेलो तर मला बी दोन हात लावावे लागले. ती शुद्धीवर होती. "तुमी कामात आसाल म्हणून हाक मारली न्हाई," म्हणली.

त्याच्यानंतर ती उठली न्हाई. सून तिला उचलून न्यायची. पहिल्यांदा उचललं तवा खाणंपिणं सोडीन म्हणली, ते काई तिनं केलं न्हाई, पण उचलताना डोळे झाकून घ्यायची. दिवाळीच्या आधी गेली.

तवापासनं दुपारी आवाज येतो. आन् खरं भ्या आवाजाचं न्हाई. तो ओसरीच्या कडंला येऊन थांबतो, त्याचं हाय.

ह्या साली माझेच पाय गेले. भिंत धरल्याबिगर उठता येईना. दोनदा अंगणात मटकन खाली बसलो, सुनंनं उठवलं. ती म्हणली, "मामा, दवाखान्यात चला, वॉकर घेऊ."

"मला न्हाई पाहिजे."

"मग मी उचलून नेईन. आत्याबाईंना नेत होते तशी. चालंल का?"

आत्याबाई म्हणजे तिची सासू. मी रिक्षात जाऊन बसलो.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हातापायाचा व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई हायेत. त्यांनी मला भिंतीला ताठ उभं केलं. "हात बाजूला मोकळे सोडा, बाबा." मी सोडले. त्यांनी माझ्या मनगटाच्या हाडावर बोट ठेवलं आन् पांढरा, हलका वॉकर शेजारी उभा केला. "मूठ इथं यायला पाहिजे. कमरेला नाही, मनगटाला. वर असला तर भार हातावर येत नाही, माणूस लोंबकळतो." चारी पायांची बटणं दाबून त्यांनी तो मापात आणला. मिनिट बी लागलं न्हाई.

मी इचारलं, "माझ्या मालकिणीला केवढा लागला आसता?"

"केवढ्या उंच होत्या?"

मी हात वर केला. छातीपाशी नेला, मग खांद्यापाशी, मग परत खाली घेतला. कुठं थांबवावा ते कळंना. बावीस हंगाम आन् त्याच्या आधीनंतरची सगळी सालं एका घरात काढली, आन् माझ्या हाताला ठाऊक न्हवतं. सून कोपऱ्यात उभी होती. ती पुढं आली आन् आपल्या कानाला हात लावून म्हणली, "एवढ्या. लुगडं नेसवताना त्यांचं डोस्कं माझ्या इथं यायचं. पण पाठीतनं वाकल्या होत्या."

"तुला कसं ठाऊक?" मी म्हणलो. पण तिनं सांगितलंच होतं की.

बाईंनी सुनेकडं बघितलं, मग बटणं दाबत वॉकर खाली घेतला. एक भोक, दोन, तीन, अजून खाली. आन् तो लोखंडी तर माझ्या कमरंला होता. चार बोटं न्हवतीच ती, वीतभर होतं. तिनं माझं मन राखून चारच सांगितली होती.

मी त्याच्या मुठी धरल्या. त्याच मापावर दोन पावलं टाकली. कमरंतनं वाकावं लागलं. डोळ्याम्होरं नुसती फरशी.

"बाबा, असं नका, पडाल," म्हणून बाईंनी मला दंडाला धरलं.

"तिच्या खुब्यात सळई घातलती. तिला जमलं आसतं का?"

दुसरी कुणी आसती तर काईतरी बोलून येळ मारून नेली आसती. ह्या बाई म्हणल्या, "सळई नीट बसली होती ना? मग जमलं असतं. आता हात काढा, तुमच्या मापाला लावते."

मी हात काढले.