रफूगराच्या गोष्टीतला खलनायक

पुण्याच्या प्रकाशनसंस्थेतल्या संपादकबाईंचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या जिन्यात उभी होते. मधली सुट्टी होती. मी शिकवते ती पूर्णा गावातली शाळा गोदामांच्या मधोमध आहे, त्यामुळे बाहेरून कंटेनर मागे घेतल्याचा पीं-पीं आवाज येत होता आणि एका कानात बोट घालून मी ऐकत होते.

"तुमचं ते गाव मला फार आवडलं," बाई म्हणाल्या. "माणसांच्या सावल्या फाटतात आणि एक रफूगर त्या शिवून देतो, हे छानच आहे. पण तुमचा तो काळोखाचा सरदार आहे ना, तो पुठ्ठ्याचा वाटतो हो. सावल्या फाडून त्याला मिळतं काय?"

मी म्हटलं, "बघते." फोन ठेवल्यावर राग आला, कारण त्या बरोबर बोलल्या होत्या. सरदाराला काय मिळतं हे मलाही माहीत नव्हतं. फँटसी लिहायची म्हणजे कुणीतरी काळ्या झग्यातला दुष्ट हवा, म्हणून मी त्याला आणून उभा केला होता.

ही कादंबरी मी घरी मोठ्याने वाचून दाखवत लिहिली होती. आमचं घर कामतघरला, मागच्या गल्लीत लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. शुक्रवारी लूम बंद असतात, म्हणून त्या दिवशी घरात हळू बोललेलंही ऐकू येतं. शुक्रवारी शाळेतून आले की चहा व्हायचा आणि मी वाचायला बसायचे. श्रोते म्हणजे बाबा. एका शाळेच्या ऑफिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, आता बारीक अक्षर दिसत नाही म्हणून ऐकणारे. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी काही ना काही निवडत बसलेली असायची. ती ऐकते की नाही याची मी कधी चौकशी केली नव्हती.

संपादकबाईंचं म्हणणं सांगितल्यावर बाबा लगेच कामाला लागले. "त्याला एक डोळा दे," ते म्हणाले. "आणि लहानपणी गावाने त्याला हाकलून दिलं असं दाखव. म्हणजे सूड आला."

मी डोळा दिला, सूडही दिला. सरदार आणखीनच पुठ्ठ्याचा झाला.

त्या दिवसांत मी येता-जाता एकच विचार करत होते. माझ्या ओळखीत दुष्ट माणूस कोण? आठवू म्हटलं तरी एकही सापडेना. चिडके होते, चिकट होते, पण दुसऱ्याचं वाईट व्हावं म्हणून सकाळी उठणारा कुणी नव्हता. तरीही माझ्या आसपास माणसं दुखावलेली होती, काही तर कायमची. मग हे करतं कोण? मला वाटू लागलं की खलनायक ही लेखकाने स्वतःसाठी करून घेतलेली सोय आहे. त्याला मारलं की गोष्ट संपते आणि नायक हात झटकून घरी जातो. पण नायकाचं संकट त्याच्या स्वभावातूनच आलेलं असलं, तर तलवार कुणावर उगारणार? शिवाय तो स्वभाव म्हणजेच त्याचा मोठा गुण असला, तर?

दिवाळीच्या सुट्टीत मी सरदाराला कादंबरीतून काढून टाकला. उरला तो फक्त रफूगर. त्याच्यासारखा कारागीर पंचक्रोशीत नाही. कुणाचीही सावली उसवली की तो धावत जातो. दुसऱ्याचा टाका त्याला बघवत नाही. कुणी सुई हातात घेतली की तो प्रेमाने काढून घेतो, म्हणतो, "तुला कशाला त्रास? मी आहे ना." हळूहळू गावात सुईत दोरा ओवता येणारं कुणी उरत नाही. मग एक दिवस रफूगर तापाने पडतो, गावभर सावल्या उसवत जातात आणि लोक त्याच्या दारात नुसते उभे राहतात.

हे वाचून दाखवलं तो शुक्रवार मला नीट आठवतो. बाबा म्हणाले, "त्याचं चुकलं काय पण? तो बिचारा लोकांची कामं करतो. पैसे घेत नाही. आणि शेवटी दोष त्याच्यावरच?"

"दोष असं नाही बाबा..."

"दोषच आहे. दुष्ट माणूस काढून टाकलास आणि त्या जागी चांगल्या माणसाला बसवलंस."

मी उत्तर जुळवत होते, तेवढ्यात उंबऱ्यावरून आई बोलली. ती वालाच्या डाळिंब्या सोलत होती, हात थांबवले नव्हते.

"ती गावातली माणसं दिवसभर काय करतात गं?"

"कोण?"

"तीच, ज्यांच्या सावल्या हा शिवतो. ती काय करतात, ते तू काहीच लिहिलं न्हाय."

बाबा हसले. "काय करणार? सुखात असतील."

"कंटाळत असतील," आई म्हणाली. "हात शिवशिवत असतील त्यांचे."

आई मूळची दिघाशी गावची. लग्न होऊन कामतघरला आल्यावर तिची बोली शहरात विरघळून गेली होती. तिच्या तोंडून 'न्हाय' आलं की समजायचं, ती आतून बोलतेय.

बाबांविषयी इथे सांगायला हवं. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचं काही अडलं की बाबा. दाखला काढायचा, मीटरची तक्रार करायची, पोराला शाळेत घालायचं, तर बाबा. आणि घरात तर सगळंच बाबा. भाजी ते आणायचे, दूध ते आणायचे, बँकेत ते जायचे. आईला चपला घ्यायच्या तरी तिने पाय पुढे करायचा आणि बाबांनी अंगठ्याने दाबून बघून दुकानदाराला सांगायचं, "ही नको, चावेल." रस्ता ओलांडताना ते तिचं मनगट धरायचे. बायका आईला म्हणायच्या, "नशीबवान आहात." आई हसायची. मी तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं, कारण मलाही ते नशीबच वाटत होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दिघाशीहून मावशीचा फोन आला. गोठ्यात पाय घसरून ती पडली होती, मनगटाला प्लास्टर होतं. मावसभाऊ गोदामात ड्युटीला, त्याची बायको माहेरी बाळंतपणाला गेलेली. आईने फोन ठेवला आणि म्हणाली, "मी जाते चार दिवस."

"जाऊ की," बाबा म्हणाले. "उद्या सकाळी रिक्षा सांगतो. तुला सोडतो, तिचं औषधपाणी बघतो, संध्याकाळी दोघं परत येऊ."

"मी राहायला जातेय. आणि एकटी जातेय."

"एकटी? एसटीने? फाट्यावर उतरून पुढे शेअर रिक्षा बघावी लागते. कधी गेलीयस का तू?"

"तिथंच जन्मले मी."

"तेव्हाचा रस्ता वेगळा होता गं. आता ट्रक बघितलेस का किती असतात? मी सोडलं तर बिघडलं काय?"

आईने पदराला हात पुसले. "तुम्ही सोडलंत की तुम्हीच थांबता. तुम्हीच डॉक्टरांशी बोलता, तुम्हीच ताईला सांगता काय खायचं ते. मी तुमच्या बाजूला पिशवी धरून उभी असते. मला माझ्या बहिणीचं करायचंय. माझ्या हातानं."

बाबांचा चेहरा पडला. "मी काय अडवतोय का तुला?" ते म्हणाले, पण आवाज दुखावलेला होता. मग ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मला दोघांचीही दया आली.

दुसऱ्या दिवशी आई गेली. मी तिला डेपोपर्यंत सोडू का विचारलं, तर तिने नुसतं बघितलं. बाबांनी तिला पाण्याची बाटली भरून दिली, सुटे पैसे दिले, कुठे उतरायचं ते तीनतीनदा सांगितलं. दुपारपर्यंत ती फोन उचलेना. बाबा जेवले नाहीत. शेवटी बाबांनी मावशीच्या फोनवर लावला, तो तिने उचलला. "पोचली हाय कवाच. वाडीत गेलीय शेंगा तोडाया. तुमी काळजी करू नका, दाजी."

"फोन का नाही उचलत ती?"

"पिशवीत हाय फोन, पिशवी हितं खुंटीवर हाय," मावशी म्हणाली आणि खळखळून हसली.

दोन दिवस बाबांनी काढले. बिल्डिंगमधल्या कुणाचं काम निघेल म्हणून खाली जाऊन बसले, पण कुणी आलं नाही. पोरं सगळं मोबाईलवर करतात आता. तिसऱ्या दिवशी, रविवारी, ते सकाळीच कपडे करून माझ्यासमोर उभे राहिले. "मेहुणीला बघायला जायला हवं. रीतच आहे ती." मी हसले नाही. त्यांच्याबरोबर निघाले.

दिघाशीला पोचलो तर मावशीच्या घराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, "दोगी दवाखान्यात गेल्यात. पलास्टर दाखवाया. बसा, येतीलच."

आम्ही ओट्यावर बसलो. ऊन चढत होतं. समोर भात झोडून झालेलं खळं, पेंढ्याच्या गंज्या, त्यावर कोंबड्या. बाबांनी खिशातून फोन काढला, बघितला, परत ठेवला. वाट बघत बसलेले बाबा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. नेहमी लोक त्यांची वाट बघायचे.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "त्या रफूगराचं शेवटी काय करतेस?"

"ठरलं नाही अजून."

"मारू नकोस त्याला."

"मारत नाही."

ते खळ्याकडे बघत होते. "तुला ते नीट लिहिता आलेलं नाही. तो दुसऱ्याच्या हातातली सुई का काढून घेतो, ते. तू लिहिलंयस, त्याला दुसऱ्याचा टाका आवडत नाही. ते वरवरचं झालं. त्याला भीती असते."

"कसली?"

"सगळ्यांना शिवता आलं, तर आपल्याकडे कोण येणार?" बाबा थांबले. "नुसतं भेटायला म्हणून कोण येतं गं माणसाकडे?"

सरदाराला मिळतं काय, असं संपादकबाईंनी विचारलं होतं; त्याच प्रश्नाचं रफूगरापुरतं उत्तर मला मिळालं होतं. पण त्या क्षणी कादंबरी सुचत नव्हती. माझे हेडक्लार्क बाबा परक्या ओट्यावर मांडीवर हात ठेवून बसले होते आणि मला फक्त त्यांच्याजवळ सरकून बसावंसं वाटलं. तेवढं मी केलं.

रिक्षा आली तेव्हा आधी आई उतरली, मग तिने मावशीला हात दिला. आम्हाला बघून ती चकित झाली, पण रागावली नाही. उलट तिला सांगायचंच होतं. "अहो, येताना त्या दिवशी मी एक स्टॉप पुढेच उतरले! मग काय, आले चालत. वाटेत एक बाई भेटली, माझ्या शाळेतली निघाली. ओळखलं तिनं मला!"

"सांगितलं होतं तुला, फाट्यावर..." बाबांनी सुरुवात केली आणि वाक्य तिथेच सोडलं. मावशी माझ्याकडे बघून गालात हसली.

चहा झाला. आईने दवाखान्यातून आणलेल्या गोळ्या ओट्यावर ठेवल्या. बाबांनी सवयीने पाकीट उचललं, डोळ्यांजवळ धरून चिठ्ठीशी पडताळलं. "ही कॅल्शियमची वेगळीच दिलीय त्याने. मी जाऊन..." ते उठायलाच लागले होते.

"कुठली?" आईने हात पुढे केला. बाबांनी पाकीट तिच्या हातात दिलं. तिने अक्षर लावून वाचलं. "हो की. उद्या बदलून आणते मी."

बाबा परत बसले. त्यांना ते किती जड गेलं हे त्यांच्या गुडघ्यावरच्या बोटांकडे बघून कळत होतं. त्या संध्याकाळी आम्ही दोघंच परत आलो. आई आणखी आठवडाभर राहिली.

कादंबरीचा शेवट मी त्या आठवड्यात लिहिला. रफूगराची स्वतःची सावली पाठीवर फाटते, जिथे त्याचा हात पोचत नाही. गावातली एक बाई, जिने जन्मात सुई धरलेली नाही, ती शिवायला बसते. तिला दोरा ओवायलाच सकाळची दुपार होते. रफूगराला एवढंच करायचं असतं की गप्प बसायचं, आणि त्याच्या सगळ्या आयुष्यातलं सर्वांत अवघड काम तेच ठरतं. संपादकबाईंनी शेवट ठेवला, मात्र मध्ये एखादी लढाई घालता येईल का, असं विचारलं. मी नको म्हटलं. पुस्तक निघालं, थोड्याच लोकांनी वाचलं. एका मुलाने कळवलं की, शेवटपर्यंत शत्रूची वाट बघितली आणि तो आलाच नाही, म्हणून फार चिडलो, मग परत वाचलं.

घरात फार काही बदललं असं म्हणता येणार नाही. भाजी अजून बाबाच आणतात. आई एसटीने दिघाशीला जाते तेव्हा बाबा तिचा फोन येईपर्यंत गॅलरीतून हलत नाहीत, आणि ती कधी कधी मुद्दाम उशिरा करते, असा मला संशय आहे. मागच्या महिन्यात दोघी बहिणींनी वज्रेश्वरीला जायचं ठरवलं. आई पिशवी भरत होती. बाबा दारात आले आणि चष्मा पुसत म्हणाले, "मी आलो तर चालेल का?"

आईने पिशवीची चेन लावली. "ताईला विचारते," ती म्हणाली आणि फोन हातात घेतला.