अर्धी राहिलेली पात

२०१८ साली मी बासष्ट वर्षांचा होतो. कुरखेड्याकडे आमची धानाची शेती. रोवणा सुरू होता. पाण्याने भरलेल्या बांधीत बाया वाकून रोपं लावत होत्या आणि मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभा राहून पऱ्ह्यांच्या, त्या रोपांच्याच, पेंड्या फेकत होतो. दुपारी शिदोरी खायला बाकीच्या बाया शेतातल्या खोपडीकडे गेल्या. माझी बायको थांबली. म्हणाली, "एवढी पात पुरी करून येतो." आभाळ काही फार भरलेलं नव्हतं. तरी वीज पडली, आणि तिच्यावरच पडली.

मी चिखलात फेकला गेलो. उजवा पाय भाजला, एक कान त्या दिवसापासून गेला तो गेलाच. मला मिशनच्या दवाखान्यात नेलं. पोरगा घुग्घुसला कोळशाच्या ट्रकवर होता, तो आला आणि त्याने तिला अग्नी दिला. मी तिचं तोंडही पाहिलं नाही.

दवाखान्यात पट्टी बदलायला केरळची एक सिस्टर यायची. अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायची. मी तिला रोज एकच विचारायचो, माझ्या बायकोने कोणाचं काय बिघडवलं होतं? एक दिवस पट्टी सोडता सोडता तिने त्यांच्या धर्मग्रंथाच्या जुन्या भागातली, ज्यू लोकांची एक गोष्ट सांगितली. एक सरळ माणूस होता. देवाला मानणारा, गरिबाला उपाशी न ठेवणारा. त्याची गुरंढोरं गेली, वादळात घर कोसळून लेकरं गेली, अंगभर फोड आले. राखेत बसून तो खापरीने अंग खाजवायचा. त्याचे दोस्त आले. आधी नुसते जवळ बसले. मग म्हणू लागले, देव न्यायी आहे, उगाच कोणाला मारत नाही, तूच काही केलं असशील, कबूल कर. तो म्हणाला, केलंच नाही तर कबूल काय करू? देवानेच समोर येऊन सांगावं. शेवटी देव वादळातून बोलला. मी पृथ्वी मांडली तेव्हा तू कुठे होतास, असं त्यालाच उलटं विचारलं. तो माणूस गप्प झाला. पण दोस्तांवर देव रागावला, की माझ्याबद्दल खरं बोलला तो हा, तुम्ही नाही.

"पण काऊन मारलं, ते सांगतलं का देवानं?" मी विचारलं.

"नहीं," सिस्टर म्हणाली. "वो नहीं बताया."

पुढे देवाने त्याला सगळं दुप्पट दिलं, लेकरंही पुन्हा झाली, असं तिने सांगितलं. मी म्हटलं, "दुसरे लेकरं झाले म्हणजे पहिले भरून निघते का, बाई?"

तिने पट्टीची गाठ मारली. लहानपणी तिनेही हेच विचारलं होतं म्हणे, आणि पाठीत रपाटा खाल्ला होता.

घरी आलो तसे माझे तीन जुने दोस्त बसायला येऊ लागले. ओसरीत पोत्यावर बसायचे. कोणी बोलायचं नाही. एक जण तंबाखू मळायचा आणि सगळ्यांना चिमूट द्यायचा. त्यांचं ते गप्प बसणं मला दवाखान्यापेक्षा जास्त लागू पडलं.

तेरवी झाली, पोरगा कामावर परत गेला, आणि अडचण समोर आली. माझ्या बांधीत पाय टाकायला एकही बाई तयार नव्हती. वीज पडलेली जमीन, म्हणजे देवाचा कोप. इकडे पऱ्हे जून होऊन चालले होते. आणखी आठवडाभर थांबलो असतो तर वर्षाचं धान गेलं असतं.

त्या संध्याकाळी तिघे आले आणि पहिल्यांदा बोलले. पहिला म्हणाला, वहिनी पायाकडून जन्मली असेल, पायाळू माणसावर वीज पडतेच. मी म्हणालो, "गावातला पायाळू तं तूच हायेस. ज्याची कंबर भरली त्याले लात माराले तुलेच बलावते. तुह्यावर तं नाई पडली कधी." तो तंबाखू मळत राहिला. दुसऱ्याने काढलं, की आखाडीला मी गावदेवीच्या, माता मायच्या पूजेला गेलो नव्हतो. खरं होतं, मला ताप होता. पण ती गेली होती, आणि त्याच्याच बायकोसोबत गेली होती.

तिसऱ्याची बांधी माझ्या बांधीला लागून. तो पोत्यावरून पुढे सरकला. मग म्हणाला, "भाऊ, धुरा सरकवला असशीन कधी. बोटभर असन. माता मायपुढे हात ठेव अन् चुकलो म्हण. सकाळी माह्या घरच्या बाया रोवाले येतीन."

त्याच्या पोटात पाप नव्हतं. माझं धान वाचावं म्हणूनच तो बोलत होता. पण मी कधी दुसऱ्याच्या मातीत नांगर घातला नाही, हे सगळ्यात जास्त त्यालाच ठाऊक होतं.

मी म्हणालो, "सरकवला असता तं वीज माह्यावर पडाले पायजे होती. मी त्या धुऱ्यावरच उभा होतो. चुकी माही अन् सजा तिले, असा न्याव तू तरी करशीन का?"

मग मी त्यांना त्या राखेतल्या माणसाची गोष्ट सांगितली. दुसरा म्हणाला, "पाय बरा कराले गेल्ता, का मिशनवाल्याइचा होऊन आला गा?" मी म्हटलं, मी कोणाचा झालो नाही. माता मायला नारळ फोडीन, दरवर्षी फोडतो तसाच. पण चुकलो म्हणणार नाही. मी चुकलो म्हणालो, की तिचं मरण माझ्या अंगावर येतं आणि देव मोकळा होतो. जे उत्तर त्याने द्यायचं, ते मी काऊन देऊ?

तिसरा उठता उठता म्हणाला, "मंग रोवन कोन?"

"मी."

पहिल्याला हसू आलं. आमच्याकडे रोवणा बायांचा. पुरुष चिखल करतो, पेंड्या फेकतो आणि पात वाकडी गेली की धुऱ्यावरून ओरडतो. मीही जन्मभर तेच केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पट्टीवर युरियाच्या पोत्याची पन्नी बांधली, पऱ्हे उपटले, पेंड्या टाकल्या आणि बांधीत उतरलो. तिने लावलेली रोपं हिरवी होऊन उभी होती. जिथे तिचा हात थांबला, तिथून पुढे नुसतं पाणी. तिथेच वाकलो. चिखल बसून घट्ट झाला होता, बोटं रुतत नव्हती. दूर आभाळ वाजत होतं. मी वर पाहिलं नाही. पहिली ओळ वाकडी गेली. ती उपटली आणि तिच्या ओळीला नीट लागेपर्यंत पुन्हा लावली.