हैबतरावांचा फोटो आधी की कुशाबांचा?

नांद्याच्या कल्पनाबाई चाळिशीत कॉम्प्युटर शिकल्या, त्या काही हौस म्हणून नव्हे. नवरा, विठ्ठलराव, अचानक गेले. घर तर चालवायचं होतं. शेजारच्या चांदा गावातल्या क्लासात पोरासोरांच्या रांगेत बसून शिकल्या आणि पुढं तिथंच शिकवायलाही लागल्या. बाई मोठी खमकी! पण २००८ साली लेकीचं, सायलीचं लग्न ठरलं आणि या खमक्या बाईची झोप उडाली.

कारण पोरीचे दोन चुलते, हैबतराव आणि कुशाबा. दोघं एकमेकांचे चुलत भाऊ, एकाच सालचे, आणि थोरला कोण यावरून जन्मभर भांडलेले. दाखला बघावा, तर मास्तरांनी गावातल्या सगळ्याच पोरांना एक जून लावून टाकलेला! पत्रिकेत एकाचं नाव वर गेलं की दुसरा रुसून, न जेवता घरी. विठ्ठलराव होते तोवर पंगतीत या दोघांच्या मधे बसायचे आणि दोघांनाही जेवायला लावायचे. आता मधे बसणार कोण? बिनबापाच्या पोरीच्या पाठीशी दोघंही उभे राहावेत, एवढंच बाईंचं मागणं होतं.

हळदीला पडद्यावर घरच्यांचे फोटो दाखवायचं त्यांनीच ठरवलं, आणि तिथंच फसल्या. हैबतराव दारात हजर. "माजा फोटू आदी येतोय न्हवं?" त्यांची पाठ वळते न वळते तोच कुशाबा. "त्येचा आदी आला, तर मी लग्नाला न्हाई. सांगून ठेवतुया."

घ्या! बाईंनी क्लासात बसून नाना इफेक्ट लावून पाहिले. फोटो गिरकी घेत आणला, वरून टाकला; पण एका क्लिकला एकच येणार, म्हणजे कुणीतरी आधी येणारच. वैतागून त्यांना रडूच आलं. मग दोघांना एकाच क्लिकला बांधलं: एक डावीकडून सरकत येणार, दुसरा उजवीकडून, अगदी बरोबरीनं. मधे जागा उरली. तिथं कोण, हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती.

हळदीला मांडव गच्च भरला होता. पडद्यावर आधी एकटे विठ्ठलराव हसत उभे राहिले. बाईंनी क्लिक केलं. दोन्ही बाजूंनी भाऊ आले आणि त्यांना चिकटून थांबले. कोण आधी, हे बघायला भावकीनं डोळे ताणले होते. पण आता सगळे मधल्या विठ्ठलरावांकडेच बघत राहिले.

"पुन्यांदा लाव गं," हैबतराव म्हणाले. बाईंनी लावलं. कुशाबा उपरण्यानं डोळे पुसत होते.

पंगतीला दोघं एका ओळीत बसले, मधे एक पान मोकळं ठेवून. वाढपी ते सोडून पुढं निघाला, तसे कुशाबा खेकसले, "आरं, तितं बी वाढ की! इठ्ठल बसलाय."

आणि दोघंही पोटभर जेवले.