ताकाच्या शिंक्याची कडी

ओरत्तनाडूहून तंजावूरला परतताना बसमध्ये माझ्या शेजारी विशीतली एक मुलगी होती. मी फोनवर बायकोशी बोललो, तशी ती चटकन वळली. “मामा, तुम्ही मराठी की?” तिच्या मराठीला तमिळ हेल होता. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी तिनं घट्ट धरलं होतं, आणि ते दाखवल्यावाचून तिला राहवेना.

आत लोखंडी रिकीब होती, घोडेस्वार पाय ठेवतात ती.

“घरी हिला ताकाचं शिंकं टांगायचे. अप्पा म्हणाले, भंगारात टाक. मी आत्याकडं नेऊन दाखवली. आत्यानं हिचा मुकाच घेतला, मामा!”

बोलताना तिचे हात सारखे हवेतच लगाम खेचत होते. मध्येच तिनं चप्पल काढली, रिकीब खाली ठेवली आणि पाय आत सरकवला. कंडक्टर बघत राहिला. तिला पर्वा नव्हती.

“म्हणजे तुमचे आजोबा-पणजोबा स्वार होते,” मी म्हणालो.

“तुम्ही पाय घालून पाहा.”

मी घातला. चवड्यापाशीच अडकला.

“नाही जायचा!” ती टाळी वाजवून हसली. “घोडा आत्याच्या पणजीचा होता. शेतं बघायला तीच जायची. पणजोबा घरी भात शिजवायचे!”

माझी पणजी काय करायची, हे मला आठवेना. कुणी सांगितलंच नव्हतं.

तंजावूरला उतरताच तिनं फोन लावला. गर्दीतून तिचा आवाज आला, “अप्पा, आता स्कूटीला नाही म्हणू नका!”