डोळे मिटलेल्या बायका

प्रज्ञाचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. "मावशी, आत्या गेली… सकाळी, झोपेतच," ती म्हणाली. मला आधी रडू आलं नाही, हायसं वाटलं, हे सांगून टाकते. कानाखालची गाठ परत आल्यापासून सुजाताने फार सोसलं होतं. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. भेटणारे अजून म्हणतात, "सुटली बिचारी." सुटली हे खरंच. पण तिला बिचारी म्हणणाऱ्याला तिने पाणीसुद्धा विचारलं नसतं.

आम्ही दोघी एकाच चित्रकला महाविद्यालयात होतो. मी ग्रंथालय सांभाळायची, ती कलेचा इतिहास शिकवायची. एकोणिसावं शतक सरून विसावं लागताना युरोपात काढलेली बायकांची चित्रं हा तिचा जीव की प्राण. पडद्यावर बाई यायची… वेलीसारखे वळत जाणारे केस, लांब मान, मागे कललेलं डोकं, मिटलेले डोळे. साबणाची जाहिरात असो, बिस्किटांचा डबा असो की सोन्याचा वर्ख लावलेलं भलंमोठं चित्र, बाई तीच. मुलं भारावून बघत असताना सुजाता विचारायची, "हिला कुणी धड झोपू का देत नाही?" हशा पिकला की म्हणायची, "तिने डोळे मिटलेत, म्हणजे बघताना तुम्हाला लाज वाटायला नको. चित्रकाराने तुमची केलेली सोय आहे ती." हे काही ती पुस्तकातून शिकली नव्हती. लग्नाच्या वयात तिला बघायला माणसं यायची आणि ती मान खाली घालून बसायची. "रंगाने जरा…" एवढं बोलून ती माणसं पोहे संपवून जायची. शेवटी एका मुलाकडे तिने मान वर करून नीट बघितलं आणि वडिलांना सांगितलं की या वेळी नकार आपण कळवू. पुढे लग्न केलं नाही ते नाहीच. तरी त्या गोऱ्यापान, निजलेल्या बायकांवर तिचा राग नव्हता. "सुंदर आहेत गं," म्हणायची. "त्यांना जागं करायचं तेवढं राहून गेलं."

निवृत्तीनंतर ती कात्रजला भावाच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली आणि तिथेच त्या गाठीचं निदान झालं. ऑपरेशनमध्ये चेहऱ्याची नस कापावी लागली. उजवा गाल ओघळला, ओठ एका बाजूला सरकला आणि उजवा डोळा मिटेनासा झाला. झोपताना पापणी ओढून तिच्यावर चिकटपट्टी लावावी लागे. पहिल्यांदा मी ती लावून दिली तेव्हा म्हणाली, "आता मला त्या चित्रांत कुणी घेणार नाही." मी हसले. ती हसली नाही. त्यानंतर तिने दार लावून घेतलं. घरचे आणि मी सोडून कुणाला आत घेईना. पडदे ओढलेले, आरशावर टॉवेल टाकलेला. जन्मभर बघण्याबद्दल बोलणारी ही बाई कुणी आपल्याला बघू नये म्हणून धडपडत होती, आणि ती अशी लपूनच संपणार की काय, अशी मला भीती वाटायची.

प्रज्ञाने, म्हणजे तिच्या भावाच्या मुलीने, हे फार दिवस चालू दिलं नाही. ती हिंजवडीत नोकरी करते. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं होतं आणि त्याचे आईवडील घरी यायचे होते.

"आत्या, तू नसशील तर मी कॅन्सल करते."

"माझं तोंड बघून तेच कॅन्सल करतील."

"मग बरंच झालं की. माणसं कशी आहेत ते आधीच कळेल."

सुजाता आली. मुलाच्या आईला नजर कुठे ठेवावी ते समजेना. कधी कपाकडे बघत, कधी पंख्याकडे. सुजाताने थोडा वेळ ते चालू दिलं आणि म्हणाली, "अहो, नीट बघा की. बघायलाच आलात ना? मीही तुम्हाला बघतेच आहे." त्या बाई हसल्या, उठून तिच्याशेजारी येऊन बसल्या आणि डोळा दुखतो का, असं त्यांनी सरळ विचारलं. सुजाताने सगळं सांगितलं, चिकटपट्टीसकट. दुसऱ्या दिवशी गेले तर आरशावरचा टॉवेल धुऊन दोरीवर वाळत होता. मला इतकं मोकळं वाटलं की मी उगाचच तिच्याशी बसच्या गर्दीबद्दल बोलत राहिले. मग ती सगळीकडे जाऊ लागली, मंडईत, विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनांना. रस्त्यात कुणी टक लावून बघितलं तर तीही थांबून तितकंच बघायची.

आदरांजलीच्या सभेला फोटो कोणता ठेवायचा यावर घरात चर्चा झाली. ऑपरेशनआधीचा एक नीटनेटका होता. प्रज्ञाने मात्र आपल्या लग्नातला निवडला. लग्नाचे विधी आटोपल्यावर आम्ही फोटोसाठी ओळीने उभे राहिलो होतो आणि ऐन वेळी कुणीतरी ओंजळभर पाकळ्या थेट आमच्या तोंडावर उधळल्या. हा फोटो फुकट गेला, असं फोटोग्राफर म्हणाला होता. सुजाताने तोच मागून घेतला होता. त्याची एक प्रत आता माझ्याकडेही आहे, स्वयंपाकघरात, ओट्यासमोर. नवरा-नवरी, भाऊ, वहिनी, मी… सगळ्यांनी डोळे गच्च मिटलेत. सुजाताचाही डावा मिटलाय. उजवा तेवढा टक्क उघडा आहे, आणि आम्हा सगळ्यांत ती एकटीच बघते आहे.